पडावातली धास्ती

मालवणच्या बंदरावर मी आगबोटीच्या कचेरीत चौदा वर्षं कारकून होतो. हे सांगितलं की आताची मुलं विचारतात, म्हणजे तिकिटं फाडायचात का? फाडायचो. पण तिकिटं कोणीही फाडील. माझं खरं काम वेगळं होतं. बोटीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे बघायचं आणि आज माणसं न्यायची की नाही, हे ठरवायचं.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पन्नास-साठ सालच्या त्या काळात मुंबईला जायचं म्हणजे आमच्याकडे आगबोट हाच सोयीचा रस्ता. पण मालवणच्या किनाऱ्यालगत खडकच खडक, त्यामुळे बोट धक्क्याला लागायची नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग आम्ही माणसांना पडावात भरून तिच्यापर्यंत न्यायचो. पडाव म्हणजे मोठी होडी. चाळीस माणसं, त्यांच्या वळकट्या, आंब्याच्या पेट्या, फणस आणि एखादी पाय बांधलेली कोंबडी, एवढं सगळं त्यात मावायचं.

पडाव बोटीला लागला की अवघड भाग सुरू व्हायचा. बोटीच्या अंगाला एक शिडी सोडलेली असे. बोट जागच्या जागी, आणि पडाव मात्र लाटेबरोबर कधी पुरुषभर वर, कधी पुरुषभर खाली. तो वर आला की त्या एका क्षणात शिडीवर पाय टाकायचा. क्षण चुकला की पाय पाण्यात, नाहीतर बोट आणि पडाव यांच्या मध्ये. तो क्षण ओळखायचं काम तांडेलाचं. तांडेल म्हणजे पडावाचा मुख्य. बोटीला पडाव लागला की सुकाण दुसऱ्याकडे देऊन तो शिडीपाशी यायचा, उतारूचा हात धरायचा आणि म्हणायचा, ‘आता’. त्या शब्दासरशी माणूस पाय टाकायचा. सगळ्या प्रवासाची मदार त्या शब्दावर असायची.

आणि समुद्र फारच खवळलेला असला तर धक्क्यावरच्या काठीवर लाल बावटा चढवायचा. बावटा चढला की पडाव बंद, बोट तशीच पुढे. बावट्याची दोरी माझ्या हातात असे.

आता लाज सोडून सांगतो. बोटीच्या दिवशी पहाटे मला ओकारी व्हायची. चौदा वर्षांत एकही सकाळ चुकली नाही. पोटात गोळा यायचा, तळहात ओले व्हायचे, पेजेचा घोट खाली उतरायचा नाही. बायकोला वाटायचं पित्त. शेजाऱ्यांनी दृष्ट काढली. एका स्नेह्याने रोज उपाशीपोटी कोकमाचं आगळ घ्यायला सांगितलं, ते घेतलं तर ओकारी तांबडी व्हायला लागली, एवढाच फरक. मला भीती वाटते, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. सरळ कोट चढवायचो आणि धक्क्यावर जाऊन लोकांना धीर द्यायचो. कुडाळचे एक हेडमास्तर दर खेपेला विचारायचे, आज धोका नाही ना, आणि ते लेखी मागायचे. मी लिहून द्यायचो, ‘समुद्र शांत आहे.’ लिहिताना माझा हात कापायचा, पण मास्तरांना माझं अक्षर मुळातच तसं वाटायचं.

आमच्या तांडेलांमध्ये धाकू तांडेल सगळ्यांत जाणता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने सडपातळ, बोलणं मोजकं. बायका तर अडून बसायच्या, धाकूच्या पडावातूनच जाणार म्हणून. त्याने ‘आता’ म्हटलं की माणूस विचार करायच्या आत शिडीवर असायचा.

तर एका फेब्रुवारीत, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असताना, आचऱ्याची एक म्हातारी धाकूच्या पडावातून पडली. सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून मुलाकडे निघाली होती. धाकूने ‘आता’ म्हटलं आणि ती शिडीवर न जाता बोट आणि पडाव यांच्या मध्ये गेली. धाकूने पालथं पडून तिचा दंड पकडला आणि खलाशांनी पडाव रेटून धरला, म्हणून वाचली. हात मात्र कोपरात मोडला. आम्ही तिला परत आणून दवाखान्यात पोचवलं. कुणीही धाकूला बोल लावला नाही. उलट सगळे म्हणाले, दुसरा कोणी असता तर म्हातारी गेलीच होती.

पण पुढच्याच बोटीपासून धाकूचा ‘आता’ उशिरा यायला लागला. पडाव वर यायचा, उतारू पाय उचलून तयार, धाकूने हात घट्ट धरलेला, आणि तोंडातून शब्द नाही. लाट निघून जायची. दुसरी जायची. तिसऱ्या-चौथ्या लाटेला कसाबसा ‘आता’ निघायचा, तोवर उतारूची पाचावर धारण बसलेली असायची. जिथे अर्ध्या तासात पडाव रिकामा व्हायचा तिथे सव्वा तास लागू लागला. बोटीवरचा अधिकारी वरून ओरडायचा. लोक कुजबुजायला लागले की धाकूला काहीतरी बाधलंय.

बोटीची एजन्सी मालवणातल्या एका शेटकडे होती. आम्ही त्याला रावजीशेट म्हणत असू. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याला एका ओळीत लागायचं. त्याने मला बोलावलं.

“मे महिन्याची गर्दी तोंडावर आली. धाकू भित्रा झालाय का? एकदा त्याच्या पडावातून जाऊन या आणि हो की नाही ते लिहून द्या. भित्र्या माणसाच्या हातात मी सुकाण ठेवणार नाही.”

सुकाण गेलं म्हणजे धाकूचं काय जाणार, हे मला सांगायला नको होतं. वीस वर्षं तांडेल म्हणून मान मिळालेला माणूस, तो दुसऱ्याच्या हाताखाली वल्हं मारायला बसला असता तर किनाऱ्यावर त्याला मान वर करता आली नसती.

पुढच्या बोटीला मी धाकूच्या पडावात चढलो. सकाळी ओकून पोट रिकामंच होतं. मी धाकूशेजारी मागच्या फळीवर बसलो. तो सुकाण धरून होता. मग समोर बघतच म्हणाला, “भाऊनू, शेटान तुमका माजी परीक्षा घेवक धाडल्यान मा?”

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“मगे लिवा. माका भ्या वाटता. तो शब्द तोंडात येता, पण भायर पडणा नाय.”

“अरे, अपघात कुणाकडूनही होतो. तुझी काय चूक त्यात?”

त्यावर त्याने मला जे सांगितलं ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. “त्या म्हातारेन माका म्हटल्यान, हात सोड रे बाबा, दर्याच्या पाया पडतंय. आनी मी सोडलंय. पाया पडतल्या बाईचो हात धरून कसो ऱ्हवतलंय? हात सोडलंय आनी सवयीन ‘आता’ म्हटलंय. तिचे दोनय हात जोडलेले होते, भाऊनू.”

आमच्याकडच्या माणसाला यातलं दुखणं लगेच कळेल. समुद्रावर पाऊल टाकण्याआधी त्याला हात जोडायचे, ही आमची रीत. मुंबईकर कदाचित म्हातारीला वेड्यात काढील, पण धाकूच्या जागी मी असतो तर मीही हात सोडला असता. हेच त्याला सांगायला गेलो. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, “धाकू, मी दर बोटीला सकाळी ओकतो.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. “तुमी? तुमी खुर्चेर बसतास. तुमका कसला भ्या?”

“बावट्याचं. आज चढवला नाही आणि काही झालं तर काय, या विचाराचं.”

तो हसला. थट्टेचं हसू नव्हतं ते. “आनी आमी म्हनतो, भाऊ असो कोट घालून उबो आसा म्हनजे दर्यो बरो आसतलो.” मग दोघंही हसलो. नोकरीला लागल्यापासून माझ्या छातीवरचं ओझं त्या दिवशी पहिल्यांदा हललं.

पण गप्पा मारून हात चालत नाहीत. पडाव बोटीला लागला, धाकू शिडीपाशी गेला, आणि पुन्हा तेच. पहिला उतारू एक शिंपी होता, शिवणयंत्राची पेटी पोटाशी धरून. एक लाट गेली, दोन गेल्या. पुढच्या टोकाला दोर धरून बाबलो नावाचा म्हातारा खलाशी बसला होता. गावात देवळात गाऱ्हाणं घालायला त्यालाच बोलवायचे. त्याचा धीर सुटला. धाकूला टोचायचं म्हणून त्याने देवळातल्या सुरात सुरू केलं,

“बा देवा म्हाराजाऽ, आमचो तांडेल आज मुको झालो आसाऽ”

आणि सगळा पडाव एका आवाजात म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं की झोपेतही आमचा माणूस व्हय म्हणेल. बाबल्याने थट्टा केली होती, पण चाळीस माणसांनी व्हय म्हटलं, आणि नेमका त्याच वेळी पडाव वर आला होता. शिंप्याने त्या व्हयच्या भरात पाय टाकला आणि पेटीसकट शिडीवर गेला.

धाकू बघतच राहिला. बाबल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “थांबू नकोस, म्हण.”

मग त्याने मागणं बदललं. “ही लेकरा तुजी आसतऽ” “व्हय म्हाराजा.” “तेंका सुखरूप पोचयऽ” “व्हय म्हाराजा.” यात देवाचा हात किती ते देव जाणे, पण थोडी अक्कलही होती. दोर धरलेल्या खलाशाला पडाव उचलला जातोय हे डोळ्यांच्या आधी हातांना कळतं. बाबलो त्या बेताने सूर लांबवायचा. धाकूकडे फक्त हात धरायचं काम राहिलं, शब्द सगळ्यांनी वाटून घेतला. आणि उतारूही मोठ्याने ओरडत असल्यामुळे त्याला घाबरायला सवड मिळेना. अर्ध्या तासात पडाव रिकामा झाला. वरचा अधिकारी टोपी काढून उभा होता, त्याला बहुतेक वाटलं की कोणीतरी वारलं.

त्या संध्याकाळी मी शेटला अहवाल लिहिला. हो किंवा नाही एवढंच हवं होतं. मी लिहिलं, ‘तांडेल सावध आहे.’ माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेलं हे सर्वांत बरं वाक्य. शेटने ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ठीक. मे संपेपर्यंत बघू.”

मी आणखी एक केलं. धक्क्यावर उभं राहून प्रत्येकाला सांगायला लागलो की समुद्राला नमस्कार इथेच करा, शिडीपाशी हात जोडू नका. म्हाताऱ्या माणसांनी कुरकूर केली, पण केला.

मे महिना गाऱ्हाण्यावर निभावला. गावातल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली की देवाचं मागणं पडावात काय म्हणून. धाकू त्यांना म्हणाला, देव काय फक्त देवळातच आसता? हळूहळू काही लाटांना त्याचा स्वतःचा ‘आता’ही परत यायला लागला. माझी ओकारी मात्र चालूच होती. फरक एवढाच की बोटीच्या सकाळी धाकू धक्क्यावर मला विचारायचा, “झाली?” मी म्हणायचो, झाली. तो म्हणायचा, “मगे चला.”

हंगामाची शेवटची बोट आली तेव्हा समुद्र बदलला होता. पाऊस अजून दूर होता, पण खालून लाट मोठी येत होती. धक्क्यावर सव्वाशे माणसं. बहुतेक सगळे रजा संपलेले चाकरमानी, कुणाची गिरणी, कुणाचं हॉटेल. दोन दिवसांत हजर झालं नाही तर जागा जाईल अशा बेताने निघालेले. शेट स्वतः छत्री घेऊन आला होता. बोटीने भोंगा दिला.

मी दोरीपाशी उभा होतो. रिवाज असा की तांडेलाला विचारायचं आणि मग ठरवायचं. मी विचारलं, “काय रे धाकू?”

त्याने बाहेरच्या दोन-तीन लाटा बघून घेतल्या. मग शेटकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मी आज जावचंय नाय. माका भ्या वाटता.”

गर्दीत कोणीतरी हसलं. शेट म्हणाला, “गाऱ्हाणं घालून चढवता ना माणसं? घाला की आज. नाहीतर सुकाण दुसऱ्याकडे द्या.” दुसरा तांडेल पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तो क्षण मी आजवर विसरलेलो नाही. धाकूला वाटणारी भीती त्या म्हातारीची होती की समोरच्या लाटेची, हे मला कळत नव्हतं. मला वाटतं, त्यालाही कळत नव्हतं. माझ्या पोटात जो गोळा होता तो तर रोजचाच. त्याच्याकडे बघून काय ठरवणार? मी बावटा चढवला.

बोट तीनदा भोंगा देऊन निघून गेली. आणि दुपारी दोनच्या सुमाराला लाट पडली. समुद्र असा निवांत झाला की पोरं पोहायला उतरली. समुद्राने आम्हाला खरं ठरवलं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी होती, पण त्याने तसं केलं नाही. एक चाकरमानी आपल्या फणसावर बसून संध्याकाळपर्यंत समुद्राकडे बघत होता. त्याची गिरणीतली जागा गेली, असं मला नंतर कळलं. त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शेटने कागद पुढे केला. “काल पडाव कुणी थांबवला ते लिहा. तांडेलाने नकार दिला असेल तर तसं लिहा.” तसं लिहिलं असतं तर पुढच्या हंगामात धाकूचं सुकाण गेलंच असतं. मी लिहिलं, ‘बावटा माझ्या मनाने चढवला. तांडेलाला विचारलं नव्हतं.’ धडधडीत खोटं. ते खोटं आहे हे सव्वाशे माणसांना ठाऊक होतं, त्यातला एक शेट. पण कागदाला कान नसतात. धाकू आपल्या जागी राहिला, आणि माझी रवानगी शेटच्या कुडाळच्या वखारीत झाली. तिथे काजूची पोती मोजायची. समुद्र नाही, बावटा नाही. चार महिन्यांत ओकारी थांबली आणि माझं पोट सुटलं. बायको म्हणाली, बघा, पित्तच होतं.

पुढल्या वर्षी धाकू आठवड्याच्या बाजाराला कुडाळला आला आणि वखारीत डोकावला. सुक्या बांगड्यांची पुडी आणली होती. मी विचारलं, पडाव कसा चाललाय. म्हणाला, बरो चल्लो आसा. अजून भीती वाटते का? “वाटता. पन आता सांगतंय. काल एक चेडू शिडयेकडे रडाक लागला. तेका म्हटलंय, बाये, माका पन भ्या वाटता, आपन दोगाय एकदमच पाय उचलूया. गप चडला.”

मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, “चला, माझी बदली सार्थकी लागली.”

धाकू एका पोत्यावर टेकला. मग म्हणाला, “भाऊनू, रागाव नकात. तुमी माजी जागा राखलास, तुमचे उपकार आसत. पन तुमी लिवलास, तांडेलाक इचारूक नाय म्हनान.”

“तुझ्यासाठीच लिहिलं ना.”

“व्हय. पन तुमी इचारलास. आनी सगळ्यांसमोर, शेटासमोर, मी नाय म्हटलंय. माज्या जल्मात तेवडा कठीन मी काय बोलूक नाय. आनी तेवडाच तुमी कागदावरसून पुसलास.”

मी त्याला चहा पाजला. तो मालवणच्या गाडीत बसून गेला आणि नंतरही भेटत राहिला, पण हा विषय त्याने पुन्हा काढला नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेटची ती फाईल कधीच वाळवीने खाल्ली असेल, तिच्यात काही दुरुस्त करायची सोय नाही. म्हणून इथे लिहितो. हंगामाच्या शेवटच्या बोटीला मी तांडेलाला विचारलं होतं. धाकू तांडेल म्हणाला, मी जाणार नाही, मला भीती वाटते. त्याने आधी तसं म्हटलं, आणि त्यानंतर मी बावटा चढवला.